लॉन उगवेपर्यंत मुक्काम

१२ ऑक्टोबर २००२, शिरूर
बंगल्यापुढे लॉनचं बी टाकलं. सौ.चा हट्ट. जन्मभर लोकांच्या हौसेची टिंगल करून साप्ताहिकातलं सदर भरलं, आता स्वतःच अंगण भिजवत उभा. शेजारी : "सर, काय पेरलं?" म्हटलं, गवत. बिचारा हसला पण नाही. त्याच्या रानातलं गवत उपटायला तो बायका लावतो.

१४ ऑक्टो.
कवठ्याहून आबांना आणलं. आई गेल्यापासून तिथे एकटेच. उंबऱ्यातच जाहीर : "दोन दिसांनी जातू."
लॉन दाखवलं.
"मेंढरं कुठायत?"
"नाहीत, आबा."
"मंग खानार कोन?"
बघायला असतं, म्हणालो. तेव्हापासून माझ्याकडेच बघतायत.

१६ ऑक्टो.
कॉलेजातून आलो तर अंगणात तळं. आबांनी कडेनं वरंबा घालून नळी सोडलेली. उसाला भरतात तसं भरलंय. बी तरंगून सगळं फाटकापाशी गोळा. ओरडलो. "शिंपडायचं असतं! ऊस आहे का हा?" नको तेवढं ओरडलो. आबा आत जाऊन पिशवी भरायला लागले.
सौ.नं सावरलं. "आबा, तुम्ही वाहवलं, तुम्हीच उगवून द्या. मग जा."
आबा पिशवी खाली ठेवत : "उगवलं की निघनार. मंग आडवायचं न्हाई."
कबूल.

१७ ऑक्टो.
पुन्हा बी. वर ओलं गोणपाट. आबा झारी घेऊन दिवसभर. सुकलं की शिंपड, सुकलं की शिंपड. मला हात लावू देत नाहीत. "तू लिव्ह जा तुजं." लिहिणं होत नाही. खिडकीतून तेच बघतोय. शेजाऱ्याला सांगत होते, "गवातच हाय रं. पोराचं हाय."

२२ ऑक्टो.
सौ. रोज गोणपाट उचलून बघते. मी टाळतो. नाही उगवलं तर सौ. बोलणार. उगवलं तर...
सदर याही आठवड्यात नाही. संपादकांचा फोन. तब्येत म्हणालो.

२५ ऑक्टो.
सकाळी कोपरा उचलला. कोंब. केसाएवढे, पण सगळीकडे. मागे आबा उभे. मेंढरं राखताना दोन माळ पलीकडचं हिरवं या माणसाला दिसायचं. वाकले, कोंबांवरून हात फिरवला.
"न्हाई अजून. झारी भर."
भरली. सौ. दारातून काही बोलणार, तिला डोळ्यांनीच थांबवलं. आबांनी गोणपाट परत ओढून घेतलं.
असं झाकून ठेवलं तर पिवळं पडून मरेल. उद्या काढावंच लागणार. कोणी काढायचं?