मध्ये टेबल नको

१४ जून, शुक्रवार

चिरंजीव बारक्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

मामा परवा येऊन गेला. तू त्याच्या मागच्या खोलीत पडदे ओढून बसतोस, दार वाजलं की दचकतोस, पण जेवायला दोन्ही वेळा हजर असतोस म्हणाला. बरं वाटलं आणि रागही आला. इकडे आई ठीक आहे. बाबांची खाट हलवू देत नाही. घरमालकाने गळकी टाकी एकदाची दुरुस्त केली.

माझं हॉस्पिटलातलं काम चालू आहे. वॉर्डात चुका का होतात आणि कशा टाळता येतील, या अभ्यासाला मी लागले तेव्हा तू चिडवायचास, ‘ताईला लोकांच्या चुका काढायचा पगार मिळतो.’ तर ऐक. बाबा आमच्या वॉर्डात गेले त्या दिवसापासून तिथून एकाही चुकीची खबर आलेली नाही. मोठे साहेब खूश आहेत, चुका थांबल्या म्हणतात. थांबतात कसल्या, सगळ्यांनी तोंडं शिवून घेतलीत. मंगळवारी एका बाईला दुसरीचं औषध गेलं. दुपारभर कोणी ब्र काढला नाही आणि ती बाई दगावली. मी ते खणून काढलं आणि आज वर लेखी कळवलं.

ते सगळं तुझ्यामुळे, म्हणून त्या दिवसाचं लिहिते. आमच्या अभ्यासातूनच ठरलं होतं की ज्याच्या हातून चूक झाली त्यानेच नातेवाइकांजवळ बसून ती सांगायची. मध्ये टेबल नको, कारण टेबलाआडून माणूस साहेबासारखा बोलतो. सिस्टर खुर्ची ओढून तुझ्यासमोर बसली. म्हणाली, “दादा, सलाईनमधून सावकाश द्यायचं इंजेक्शन मी घाईत थेट शिरेत दिलं. त्यानेच तुमचे बाबा गेले. चूक माझी आहे.”

तुझ्या पहिल्याच थपडेला ती खुर्चीसकट आडवी झाली. मग तू सलाईनचा लोखंडी स्टँड उचललास. तोंडावर मारलंस, तिने तोंड झाकलं तेव्हा हातांवर मारलंस, ती हलेनाशी झाली तरी मारत राहिलास. मी तुझा शर्ट ओढत होते, तो फाटून माझ्या हातात आला. तिचा दात माझ्या चपलेपाशी येऊन पडला. तू ओरडत होतास, “इथे कोणी खरं सांगत नाही!” अरे, तीच तर सांगत होती.

तिचा डावा डोळा गेला. जबडा तारांनी बांधलाय, नळीने पातळ काहीतरी घालतात. मी रोज जाते, ती भिंतीकडे तोंड करून पडून असते.

बाबा माझेही होते. तिने ते सांगितलं तेव्हा मलाही तिचा गळा आवळावासा वाटला, खोटं कशाला बोलू. पण मी आवळला नाही.

पोलिसांना सगळ्यांनी सांगितलं, गर्दी होती, कोणी मारलं ते दिसलं नाही. आईनेही तेच सांगितलं आणि माझ्याकडूनही तेच वदवून घेणार होती. काल मी चौकीवर जाऊन जबाब दिला. तुझं नाव सांगितलं. तेव्हापासून आई माझ्या हातचं पाणी घेत नाही.

तू कुठे आहेस ते मात्र सांगितलं नाही. रविवारपर्यंत सांगणार नाही. तोवर तू आपल्या पायांनी यावंस असं फार वाटतं. सोमवारी तेही सांगेन.

आता मीही खरं सांगून बसले आहे. तेव्हा माझ्यावर हात उचलायचा असेल तर घरी ये, उचल, आणि मग माझ्याबरोबर चौकीवर चल.

काही झालं तरी तुझीच,
ताई