दहा मीटरची तक्रार

तीर्थरूप मामांना,

जावयाचा नमस्कार. दोन्ही हात जोडून, पण मान ताठ ठेवून केलेला आहे, हे आधीच सांगतो, म्हणजे पुढे गैरसमज नको. मामींनाही नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना आवाज येतो असं मामी फोनवर म्हणाल्या होत्या. (तो फोन खरं तर मी हिच्याशी बोलायला केला होता. "ती आंघोळीला गेलीय," असं मला सलग नऊ दिवस सांगण्यात आलं. इतकी आंघोळ माणसाला बरी नव्हे, पण ते असो.) इकडे मी खुशाल आहे. म्हणजे जेवतो, ऑफिसला जातो आणि रोज सकाळी साडेपाचला एकटाच धावतो.

तुमची मुलगी सायकलीसकट तुमच्याकडे आली, त्याला आज एकोणीस दिवस झाले. तिने तुम्हाला काय सांगितलंय ते मला माहीत नाही, पण त्यात माझी भूमिका काय असणार याचा अंदाज आहे. तुम्ही चाळीस वर्षं कोर्टात कारकुनी केलीत. एकाच बाजूचं ऐकून निकाल देणाऱ्यातले तुम्ही नाही, म्हणून दुसरी बाजू लेखी पाठवतो आहे. शिवाय घाई आहे. येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी यंदाच्या मोसमातली तिसरी आणि शेवटची शर्यत आहे. आम्ही नाव दिलंय ते जोडप्यांच्या गटात. त्या गटात एकट्याला पाण्यात उतरूच देत नाहीत. तेव्हा ही आली तर शर्यत, नाही तर मी काठावर टॉवेल घेऊन उभा.

आता सुरुवातीपासून सांगतो. ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहायचं, मग ओल्या अंगाने सायकल चालवायची आणि मग पायात जीव उरला असेल तर धावायचं. हे खूळ माझं नव्हे, तुमच्या मुलीचं. तिच्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कोणीतरी जाहिरात चिकटवली होती. ही दिवसभर दुसऱ्यांच्या रक्तातली साखर मोजते, त्या दिवशी घरी येऊन म्हणाली, "अहो, मी एकोणपन्नास वर्षांची झाले आणि आजवर कुठल्याच मंचावर उभी राहिले नाही. शाळेत लिंबू-चमच्यातसुद्धा चौथी आले होते. मला एकदा तरी वर उभं राहायचंय." मी म्हटलं, उभी राहशील. नुसतं म्हटलं नाही, त्याच संध्याकाळी फाईल उघडली. (तुम्हाला माहीतच आहे, वजनमापं तपासणाऱ्या खात्यात माझी सत्तावीस वर्षं झाली. फाईल उघडल्याशिवाय मला काही गोष्ट सुरू झाल्यासारखी वाटत नाही.) वर्षभराच्या तीन शर्यती ठरल्या, फ्रिजवर तक्ता लागला, त्यात रोज कोण किती पोहलं, किती धावलं, आणि शेवटच्या रकान्यात माझा शेरा. "सायकल: उत्तम. वळण घेताना निष्काळजी." "धावणे: समाधानकारक. बोलणे कमी करावे." हिने दोन-तीनदा तो रकाना खोडला, पण मी पेनने आखला होता. स्वयंपाकघरातला वजनकाटाही आधी तपासून घेतला. तो सात ग्रॅम खोटं बोलत होता! अठरा वर्षं आम्ही त्याच्यावर विश्वास ठेवून जेवलो.

पोहायला आम्ही चौकातल्या तलावावर नाव घातलं. आता तिथून आम्हाला काढलं, यावरून ही अजून मला टोमणे मारते, पण तुम्हीच सांगा. भिंतीवर पाटी "लांबी पंचवीस मीटर". मला पहिल्याच दिवशी शंका आली, कारण मी इतक्या लवकर पलीकडे पोचणं शक्यच नव्हतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसचा पोलादी टेप घेऊन गेलो. चोवीस मीटर बासष्ट सेंटीमीटर! तीस फेऱ्या मारल्या की अकरा मीटर चाळीस सेंटीमीटर पोहणं गिऱ्हाइकाला कमी मिळतं, आणि हे राजरोस चाललेलं. मी व्यवस्थापकाला तिथेच, ओल्या चड्डीत, रीतसर नोटीस लिहून दिली. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही पोहायला येता की मोजायला?" मी म्हटलं, दोन्ही. तिसऱ्या दिवशी दोघांचंही नाव कापलं. तेव्हापासून आम्ही गावाबाहेरच्या तळ्यावर जायला लागलो. तळ्यावर कसलीच पाटी नाही, त्यामुळे मला काही म्हणता येईना, आणि खरं सांगायचं तर ते महिने फार छान गेले. ही पाण्यात शिरली की दिसेनाशी व्हायची, मग पार मधोमध डोकं वर काढून मला हाका मारायची. मी काठाकाठाने यायचो.

पहिल्या शर्यतीचं फारसं लिहीत नाही. नियम असा की जोडप्याने शेवटची रेषा बरोबर ओलांडायची, आधी पोचलेल्याने थांबायचं. ही आधी पोचली. मी उशिरा पोचलो, कारण धावण्याच्या वाटेवर पाण्याचं टेबल होतं, तिथे पेल्यांवर "दोनशे मिली" छापलं होतं, आणि पेला तोंडाला लावताक्षणी मला कळलं की हे एकशे सत्तरच्या वर नाही. आता कळल्यावर पुढे कसं जायचं? बाटलीत ओतून खात्री करून घेतली, पाणी वाटणाऱ्या बाईंना समजावून सांगितलं, त्यात थोडा वेळ गेला. ही तोवर अकरा मिनिटं रेषेच्या अलीकडे उभी होती, आणि लोक तिला विचारत होते की बाई, काही दुखतंय का. चोवीस जोडप्यांत आम्ही तेविसावे आलो. चोविसावं जोडपं अर्ध्यात भांडून घरी गेलं होतं, आणि त्या दिवशी आम्ही त्यांना पोट धरून हसलो होतो.

दुसऱ्या शर्यतीला मात्र आम्ही तयार होतो, मामा. मी टेबलाकडे बघायचंसुद्धा नाही अशी हिने मला शपथ घातली होती. पोहून मी वेळेत बाहेर आलो. सायकलीवर तर ही अशी सुटली की मला तिची फक्त पाठ दिसत होती, आणि ती पाठ एकामागून एक माणसं मागे टाकत होती. वळणावरच्या स्वयंसेवकाने ओरडून सांगितलं, "काका, जोडप्यांत तुम्ही तिसरे आहात!" तिसरे म्हणजे मंच. माझ्या अंगावर काटा आला. आणि नेमकं तेव्हाच मला ते दिसलं. सायकलवाल्यांना नियम आहे की पुढच्या सायकलीपासून दहा मीटर अंतर ठेवायचं. त्याहून जवळ गेलं तर पुढचा माणूस वारा कापतो आणि मागच्याला आयतं मिळतं. ती फसवणूक धरतात. ही पुढच्या बाईच्या मागे होती, आणि माझ्या अंदाजाने अंतर होतं नऊ मीटर. माझ्या नजरेचा अंदाज खात्यात प्रसिद्ध आहे. नवीन भरती झालेली मुलं पैज लावून मला टेबलांची लांबी विचारतात.

मी काय करायला हवं होतं? डोळे मिटायचे? मिटले असते, तर उद्या कुठल्या तोंडाने एखाद्या दुकानदाराचा काटा जप्त केला असता? पुढच्या खांबापाशी पंचबाई स्टुलावर बसल्या होत्या, मी सायकल थांबवून तक्रार नोंदवली. त्यांनी विचारलं, "त्या तुमच्या कोण?" मी म्हटलं, पत्नी. त्या म्हणाल्या, "मग जाऊ द्या ना हो." हे मला वशिलेबाजीसारखं वाटलं, म्हणून मी त्यांना लिहायलाच लावलं, शब्द न् शब्द सांगून. त्यांनी ते वायरलेसवरून पुढे कळवलं. शिक्षा पाच मिनिटांची. रस्त्याच्या कडेला चुन्याने आखलेला चौकोन असतो, त्यात सायकल धरून उभं राहायचं. मी तिच्या शेजारून गेलो तेव्हा ती त्या चौकोनात उभी होती, लोक येत होते आणि पुढे जात होते. मी हात केला. तिने केला नाही. तक्रार कोणाची ते तिला अजून कोणी सांगितलं नव्हतं, तिला वाटत होतं काहीतरी घोटाळा झालाय आणि मी येऊन निस्तरणार.

आम्ही पाचवे आलो. रेषा ओलांडताना हात धरला होता, फोटो आहे. मंचावर तिसरे म्हणून जे चढले ते आमच्यापुढे चार मिनिटंसुद्धा नव्हते. ही टाळ्या वाजवत होती. मग निकालाच्या टेबलावर तिने शिक्षेची चिठ्ठी मागितली, त्यावर तक्रारदाराचं नाव होतं. घरी येईपर्यंत ती चिठ्ठी तिने मुठीत धरून ठेवली. मी वाटेत नियमावलीतलं कलम वाचून दाखवलं, त्याने काही फरक पडला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल बसच्या टपावर चढवून ती तुमच्याकडे निघून आली. जाताना फक्त फ्रिजवरचा तक्ता फाडला.

तर ही माझी बाजू. मी जे केलं ते नियमाला धरून केलं, आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा करीन. नियम बायकोला वेगळा आणि दुकानदाराला वेगळा, असं माझ्याकडून होणार नाही. तुम्ही हे तिला शांतपणे समजावून सांगावं आणि पुढच्या शनिवारच्या बसने पाठवून द्यावं, ही विनंती. तिच्या सायकलीच्या मागच्या चाकात हवा कमी असते, तेवढी बघावी. गुडघ्याला शेक द्यावा. मामींना पुन्हा नमस्कार.

आपला आज्ञाधारक (आणि नियमाचा पक्का),
जावई

ता. क. पत्र पाकिटात घातलं होतं, परत काढलं. एक गोष्ट लिहायची राहिली. शर्यतवाल्यांनी मागच्या आठवड्यात फोटो पाठवले. त्यात एक फोटो नेमका त्या क्षणाचा आहे, बाजूने काढलेला. पुढच्या बाईंचं मागचं चाक विजेच्या खांबाशी आहे आणि हिचं पुढचं चाक पांढऱ्या पट्टीच्या टोकाशी. मी बुधवारी रजा टाकून तिथे गेलो, टेप घेऊन. आमच्याकडे तीनदा मोजायची पद्धत आहे, तीनदा मोजलं. दहा मीटर बासष्ट. दहा मीटर साठ. दहा मीटर एकसष्ट.

ता. क. दोन. मागून पाहिलं की अंतर कमी दिसतं. हे मी नवीन मुलांना पहिल्याच दिवशी शिकवतो. तिचं काहीही चुकलं नव्हतं, मामा. तिने सगळं नीट केलं होतं. शर्यतवाल्यांना मी माझ्याविरुद्ध लेखी तक्रार दिली. त्यांचं उत्तर आलं, निकाल आता बदलता येत नाही, पण एवढी पारदर्शकता त्यांनी आजवर पाहिली नाही, आणि कृपया पुन्हा लिहू नये. "माझी चूक झाली" हे वाक्य मी सत्तावीस वर्षं दुसऱ्यांकडून लिहून घेतलं. स्वतः लिहायला बसलो तर चार कागद फाडले. माझी चूक झाली. हा पाचवा कागद आहे. वरचं सगळं, नियम आणि खातं आणि माझी नजर, ते तिला वाचून दाखवू नका. एवढंच दाखवा.

ता. क. तीन. खरं विचारायचं होतं ते हे. ती सकाळी सायकल घेऊन बाहेर पडते का? पडत असेल तर तिला काही म्हणू नका, समजावू नका, मला फक्त "हो" एवढं कळवा, मी शर्यतीच्या रविवारी काठावर जाऊन तिची वाट बघत उभा राहतो. पडत नसेल, तर मी शुक्रवारी सायकलनेच तुमच्याकडे यायला निघतो. नाक्यावरच्या पाटीवर तुमचं गाव ब्याऐंशी किलोमीटर लिहिलंय. मी ते ब्याऐंशीच धरणार आहे.