आबिलियूला लिस्बन दाखवताना

प्रिय सेलिया,

तिकीट मिळालं. लक्झेंबर्गला तुझ्याकडे कायमची राहायला येणार का, असं तू दोनदा फोनवर विचारलंस आणि दोन्ही वेळा मी गॅसवर सूप असल्याचं निमित्त करून सुटले. आज उत्तर देते, पण आधी संत आंतोनियोच्या सणाच्या आदल्या दिवसाचं ऐक.

वरच्या मजल्यावरच्या इदालिनाकडे तिचा मामेभाऊ आला होता, आबिलियू. डोंगरातल्या गावचा, मधमाश्या पाळणारा, बायको जाऊन काही वर्षं झालेली. लिस्बन त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. नेमका इदालिनाचा गुडघा धरला आणि बाईसाहेब खिडकीतून ओरडल्या, "लुसिंदा, तूच ने गं त्याला! नाहीतरी दिवसभर माझ्याच घरात डोकावत असतेस!" मग काय, गेले.

किल्ल्याच्या पायथ्याशी जन्म गेला माझा, पण वर मी शाळेत असताना एकदाच गेलेले. तटावरून खाली पाहिलं तर लाल कौलांची नुसती उतरंड, पलीकडे नदी, आणि मधेच आपली खिडकी. दोरीवर माझंच धुणं हलत होतं. सेलिया, ते कुणा सुखी बाईचं वाटलं मला. आबिलियू टोपी हातात घेऊन म्हणाला, "एवढ्या घरांत माणसं एकमेकांना ओळखतात का हो?" मी म्हटलं, "ओळखतात म्हणजे? कुणाकडे काय शिजलंय तेसुद्धा माहीत असतं!" मग ट्रामनं खाली उतरलो, होडीनं पैलतीरी गेलो आणि काहीच न पाहता त्याच होडीनं परत आलो. पाण्यावर ऊन सांडलेलं. कुठं जायचंय हे दोघांनीही विचारलं नाही.

संध्याकाळी आपल्या गल्लीत पताका, भाजत्या सार्डिन मासळीचा धूर, आणि पायऱ्यांवर मांजेरिकोची, आपल्या त्या बारीक पानांच्या सुवासिक तुळशीची, रोपं, कागदी फुलं खोचलेली. आबिलियूनं कौतुकानं वाकून सरळ नाकच खुपसलं की त्यात! विकणारी किंचाळली, "अहो, नाकानं नाही! नाकानं हुंगलं की मरतं ते!" सगळी गल्ली हसली. बिचारा कानापर्यंत लाल. "मग वास घ्यायचा कसा?" मी रोपावर अलगद तळवा फिरवला, आपण फिरवतो तसा, आणि हात माझ्या नाकाशी जायच्या ऐवजी त्याच्यापुढे गेला. का, ते मलाच कळलं नाही. त्यानं डोळे मिटून माझ्या हाताचा वास घेतला, कितीतरी वेळ. तुझे बाबा गेल्यापासून इतकं कुणी जवळ आलं नव्हतं. मला फार छान वाटलं गं.

त्यानं ते रोप विकत घेऊन माझ्या हातात दिलं. विकणारी म्हणाली, "काका, बाईमाणसाला हे दिलं की त्याचा अर्थ काय होतो, ठाऊक आहे ना?" त्याला ठाऊक नव्हता. तिनं सगळ्यांदेखत सांगितला: जिच्यावर मन जडलंय, तिलाच हे देतात. तो जरा विचार करून म्हणाला, "मग बरोबरच दिलंय."

दोन दिवसांसाठी आलेला माणूस अजून इदालिनाकडेच मुक्काम ठोकून आहे. तिकीट परत कर, बाळा. ऑक्टोबरमध्ये आम्ही लग्न करतोय. तू तुझं लग्न ठरवलंस तेव्हा मला फोनवर नुसतं सांगितलंस, विचारलं नव्हतंस. मी आठवडाभर रडले आणि मग तुझा झगा शिवायला बसले. तूही रड हवं तर आठवडाभर. पण मग ये. चर्चमध्ये माझ्या बाजूनं उभं राहायला तुझ्याशिवाय कोण आहे मला?

तुझीच, या वयात लाजणारी,
आई