गादीवाले आजोबा रजेवर आहेत

ती. काका,

साष्टांग नमस्कार. (नमस्कार सध्या कागदावरच समजावा. नव्या खुर्चीने माझ्या पाठीची अशी दशा केली आहे, की प्रत्यक्ष वाकलो असतो तर तुम्हालाच मला उठवावं लागलं असतं.) इकडे आम्ही ठीक आहोत. तुमचे गुडघे कसे आहेत? गोळ्या घेता, की अजून डबीवरची बारीक अक्षरं दिसत नाहीत म्हणून कंपनीला शिव्याच घालत बसता? मागच्या पत्रात तुम्ही लिहिलं होतंत, की दादा गेल्यापासून रविवार संपता संपत नाही. त्यावर काय लिहावं ते मला सुचलं नाही, म्हणून मी उत्तरच लिहिलं नाही. तुम्ही लहानपणी माझं नाव घुम्या ठेवलंत ते उगाच नाही. आज लिहितो आहे, कारण सांगण्यासारखं काही घडलं आहे आणि त्यात फजिती सगळी माझीच आहे, तेव्हा संकोच वाटत नाही.

आधी खुर्चीचं सांगून टाकतो, म्हणजे मन मोकळं होईल. मी घरी बसून लोकांच्या वेबसाइट करतो, म्हणजे दिवसभर बसतोच, म्हणून पाठीला चांगली म्हणून ही खुर्ची नेटवरून मागवली. जोडून झाली आणि एक स्क्रू उरला. कंपनीच्या साइटवर तक्रार करायला गेलो तर एक हसरा चेहरा पुढे आला आणि काय मदत करू म्हणाला. मी लिहिलं, एक स्क्रू उरला आहे. त्याने लिहिलं, वा, ऐकून आनंद झाला, आणखी काही? माणसाचा नंबर कुठेच नाही. मी इतका चडफडलो की तुमची सूनबाई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "असलं काही बनवणारी माणसं असतात तरी कोण रे?"  असलं काही बनवणारा माणूस तिच्यासमोर त्याच खुर्चीत बसला होता. मागे एका व्यायामशाळेची साइट मी केली. मालक म्हणाले, सभासदत्व रद्द करायचं बटण ठेवा, पण सापडेल असं ठेवू नका. मी करड्या पट्टीवर करड्या अक्षरांत ठेवलं आणि स्वतःवर खूश झालो. पुढे पाठीसाठी म्हणून मीच तिथे नाव नोंदवलं, थोडे दिवस गेलो, कंटाळलो, आणि रद्द करायला बसलो तर मलाच ते बटण सापडेना. अजून मी तिथला सभासद आहे. (वाढदिवसाला त्यांच्या शुभेच्छा येतात. ती सोयही मीच केली होती.)

आता मूळ गोष्ट. गाद्या-उशांच्या एका दुकानाची साइट मी केली होती. मालकांना मी मनातल्या मनात गादीशेठ म्हणतो. साइट तयार होत असते तेव्हा खरा मजकूर हातात आलेला नसतो, म्हणून त्या जागी तात्पुरतं काहीतरी भरून ठेवायचं असतं. फोन नंबरच्या जागी मी नेहमी बाबांचा, म्हणजे तुमच्या दादांचा, नंबर टाकतो, कारण जगात तेवढा एकच नंबर मला पाठ आहे. (माझा स्वतःचा मला बघून सांगावा लागतो.) शेवटी तो काढून खरा टाकायचा. गादीशेठांच्या साइटवर काढायचा राहिला. "गादी निवडताना गोंधळलात? आमच्या जाणकार माणसाशी बोला," असं ठळक अक्षरांत, आणि खाली आपल्या बाबांचा नंबर. साइट सुरू झाली, गादीशेठांनी पेढे द्यावेत तशा मला दोन उशा दिल्या, आणि मी पुढच्या कामाला लागलो.

बाबांनी यातलं मला काहीही सांगितलं नाही. आता आठवतं, की एकदा जेवताना त्यांनी सहज विचारलं होतं, तुझ्या कामात कधी चुकून काही राहून वगैरे जातं का? मी जरा तोऱ्यातच म्हणालो, नाही. ते म्हणाले, "बरं," आणि त्यांनी भात कालवला. त्यानंतर त्यांना गाद्यांत एकदम रस वाटू लागला. कुणाकडे गेलो की ते यजमानांच्या पलंगावर तळहात दाबून बघत. फोम आणि कापूस यांत उन्हाळ्यात गरम कुठला होतो, असं मला विचारत. मला वाटलं, यांना नवी गादी हवी आहे आणि मागायला लाजताहेत, म्हणून मी एक आणून दिली. त्यांनी ती परत करायला लावली आणि वर म्हणाले, "दुकानदार जे खपवतो तेच तू आणतोस." दुपारी ते गच्चीवर फोन घेऊन तासभर बोलत असत. आम्ही समजायचो, तुमच्याशी बोलताहेत. तुम्ही समजत होतात का, की ते आमच्यात बसले आहेत?

बाबा गेले आणि त्यांचा फोन कपाटात पडला. एक दिवस त्यातले फोटो काढून घ्यावेत म्हणून तो चार्ज केला, आणि तो माझ्या हातातच वाजला. एक बाई होत्या. म्हणाल्या, "आजोबा आहेत ना? गादी उलटी केली हो, पण आता पायाकडची बाजू डोक्याकडे आली. चालेल?" मी म्हणालो, कुठले आजोबा? त्या म्हणाल्या, "अहो, गादीवाले आजोबा." मी रॉंग नंबर म्हणून ठेवला. मग दुसरा आला, मग तिसरा, आणि तेव्हा कुठे तुमच्या हुशार पुतण्याने जाऊन साइट उघडून बघितली. बाबांचा नंबर तिथेच होता, काका. लगेच नंबर बदलून दुकानाचा टाकला, आणि कुणाच्या लक्षात येण्याआधी सावरलं म्हणून स्वतःची पाठही थोपटली. (जपून, खालच्या बाजूला.)

थोड्याच दिवसांत गादीशेठ घरी आले. मला वाटलं, आता फाडून खाणार. तर म्हणाले, "साहेब, तुमचा तो हेल्पलाइनचा माणूस काढलात की काय?" त्यांचा समज असा, की साइटबरोबर तो माणूस मीच पुरवला होता. आता दुकानात त्यांचा मेहुणा फोन उचलतो आणि "वेबसाइटवर बघा" म्हणून ठेवून देतो. विक्री बसली आहे. "तुमचा माणूस वेडाच होता हो," ते म्हणाले. "निम्म्या लोकांना सांगायचा, नवी घेऊ नका, आहे तीच उन्हात टाका. मी म्हटलं, हा माझं दुकान बुडवणार. पण तीच माणसं नंतर दुकानात येऊन त्याचं नाव सांगून उशा न्यायची, सुनेला गादी न्यायची. कुठे आहे तो? त्याला आणा, नाहीतर ही वेबसाइट मला काय चाटायची आहे?"

इथे मी जे केलं त्याला नाव नाही. सरळ सांगायचं होतं, की ते माझे वडील होते आणि ते वारले. तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "ते रजेवर आहेत." गादीशेठ म्हणाले, "कधी येणार?" मी म्हणालो, "बघतो." सूनबाई दारात उभी होती. ती चहा घेऊन आली आणि मला साखर जास्त घातली.

मग मी जुना नंबर परत साइटवर टाकला आणि स्वतःच फोन उचलू लागलो. त्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण झालंही थोडक्यातच. एकाने विचारलं, कडक घेऊ की मऊ? मी म्हणालो, दोन्ही चांगल्या आहेत. पुढे काय बोलायचं ते सुचेना. तिकडून "हॅलो? हॅलो?" आलं, मग कुणाला तरी "कट झाला वाटतं" असं सांगितल्याचं ऐकू आलं. मी तिथेच होतो. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मात्र बराच धीर धरला. शेवटी म्हणाले, "तुम्हाला जमत नाहीये, रागावू नका. आजोबांना द्या." मी म्हणालो, ते आत्ता नाहीत. ते म्हणाले, "मग राहू दे, मी नंतर करतो. मला घाई नाही." मलाही नव्हती, काका. मी बराच वेळ फोन तसाच कानाशी धरून बसलो होतो.

असो. गादीशेठांचं काम हातचं जाईलसं दिसतं, पाठ आहे तशीच आहे, स्क्रू अजून टेबलावर आहे. प्रकृतीला जपावं. सूनबाईचा नमस्कार.

तुमचा,
घुम्या

ता. क. : पत्राखाली टॉवेलमध्ये गुंडाळलेला आहे तो बाबांचा फोन. चालू आहे. खोकं उघडण्याआधीच वाजला असेल तर घाबरला नसाल अशी आशा आहे. बाबा गेले त्या आठवड्यात तुम्ही आतल्या खोलीतून "पाणी आण रे" म्हणालात तेव्हा आम्ही सगळेच एकदम उठलो होतो, ते तुम्हाला आठवत असेल. तुमचा आवाज तोच आहे, आणि दुकानदारांवरचा राग तर जास्तच आहे. तेव्हा हे फोन तुम्ही घ्याल का? गाद्यांची माहिती नसली तरी चालेल, बाबांनाही नव्हती. दुपारी झोपताना खुशाल बंद ठेवा. गादीच्या धंद्यात ते शोभतं.

ता. क. २ : आजोबा रजेवरून आले का, असं कुणी विचारलं तर तुम्ही त्यांचे धाकटे भाऊ आहात, हे सांगा, आणि पुढचंही खरं ते सांगा. तुम्हाला ते सांगता येईल. गादीशेठांनाही तुम्हीच सांगितलंत तर बरं.

ता. क. ३ : चार्जरची पिन जरा डावीकडे दाबून धरावी लागते. कंपनीला लिहू नका, मी लिहून बघितलं आहे. त्यांना ऐकून आनंद झाला.

ता. क. ४ : रविवारी सकाळी एका गिऱ्हाइकाचा फोन येईल. तो कडक की मऊ एवढं विचारील आणि गप्प बसेल. कट झाला समजून ठेवू नका, तो तिथेच असेल. त्याला गादी नको आहे. तुम्ही आपलं बोलत राहा, गुडघ्यांचं सांगितलंत तरी चालेल.