रानाला दार असतं

प्रिय आप्पा,

समोर दोन कोरे कागद आहेत. एकावर उद्या शाळेत द्यायचं पत्र लिहायचंय, 'परत असे होणार नाही' असं. सकाळपासून ते काही सुरू होईना, म्हणून दुसरा कागद ओढला आणि तुम्हाला लिहायला बसले. तुम्ही होतात तेव्हा एक चिठ्ठीसुद्धा लिहिली नाही. लिहिली असती तरी मलाच वाचून दाखवावी लागली असती!

दमले हो आप्पा. मुलांनी नाही दमवलं. पाच वर्षांची पोरं दिवसभर डोकं खातात, पण त्यांनी माणूस दमत नाही. मोठ्यांना तेच तेच समजावून दमले.

झालं असं. आमच्या केडगावच्या शाळेत मी मुलांना सांगितलं, घरातली माणसं काय काम करतात त्याचं चित्र काढा. आरोही नावाची एक मुलगी आहे, भांडगावची. तिनं एक भलंमोठं दार काढलं, आणि ते दोन्ही हातांनी घट्ट धरून उभा असलेला माणूस.

"हे कोण गं?"

"पप्पा. ते दारं धरतात. मम्मी म्हणते, पप्पा रानात दारं धरायला गेलेत."

"रानाला दार असतं?"

"असणारच ना टीचर! नाहीतर गाई नाही का आत येणार?"

मला इतकं हसू आलं, की तुम्हाला फोन करावा म्हणून हात पर्समध्ये गेला. तुम्ही जाऊन आठ महिने झालेत, हे मग आठवलं.

हसू तिथंच संपलं. आप्पा, या पोरीच्या घराला तिन्ही बाजूंनी कांदा आणि ऊस आहे. दारात गाडी येते, शाळेत सोडते, परत दारात सोडते. मग मोबाईल. पाण्यासाठी वाफ्याचं मातीचं तोंड उघडायचं, वाफा भरला की ते बुजवून पुढचं उघडायचं, याला दारं धरणं म्हणतात हे तिला माहीत नाही. तिचा बाप रोज तेच करतो, आणि तिनं ते एकदाही पाहिलेलं नाही.

घरी कुणी सांभाळायला नव्हतं म्हणून तुम्ही मला रानात नेत होतात, हे मला माहीत आहे. शिकवायला म्हणून नव्हे. मोटारीला दिवसाची लाईट असली की मी वाफ्याच्या टोकाला उभी. "बाय, पाणी टोकाला आलं का वरड!" आणि मी जीव खाऊन ओरडायची, "आलंऽऽ!" किती आकडे म्हणेपर्यंत वाफा भरतो, ते मी मोजायची. एकच वाफा नेहमी उशीर करायचा. का, म्हणून विचारलं तर तुम्ही म्हणालात, "तिथं मुरूम हाय. त्यो पानी लई पितो." पुढे बी.ए.पर्यंत कितीतरी शिकले, पण प्रश्न विचारला की उत्तर पायाखाली सापडतं, हे तिथंच कळलं होतं.

म्हणून शनिवारी पंधरा पोरांना घेऊन शाळेमागच्या रानात गेले. रान एका म्हाताऱ्या मामांचं. ते म्हणाले, "न्या की पोरी. पर कांद्यात पाय घालू नगा म्हनावं, न्हाईतर तुलाच खुरपायला बशीवतो!" पोरांनी बूट काढले. दोघादोघांना एक वाफा दिला. काय आरडाओरडा, आप्पा! आरोहीनं तर मामांच्या हातातलं खोरंच धरून ठेवलं.

दुपारपर्यंत पालकांच्या ग्रुपवर चिखलाच्या गणवेशांचे फोटो. संध्याकाळी आरोहीच्या आईचा फोन. "चिखलातच घालायची असती तर शाळेत कशाला घातली असती? आमचं गेलं की आयुष्य त्याच्यात!" आणि मोठ्या मॅडमचा निरोप, सोमवारी पालकांची मीटिंग आहे, तिथं लेखी द्या, नाहीतर दुसरी शाळा बघा.

आरोहीच्या आईचा राग राग करायला गेले, तर डोळ्यांसमोर तुम्ही आलात. मी चौथीत होते. तुम्ही मला बांधावरूनच परत पाठवलंत. "आता न्हाई यायचं रानात. चिखलाचं पाय घिऊन शाळंत जातीस व्हय?" मी तिथंच रडत बसले आणि तुम्ही वळूनही पाहिलं नाहीत. का हो आप्पा? तुम्हाला जे येत होतं, त्याची तुम्हालाच लाज वाटायची का?

पण मी तरी काय केलं? नोकरी लागली तेव्हा तुम्ही म्हणालात, "येऊ का एक दिवस तुझ्या शाळंत? पोरास्नी दारं धरायला शिकवतो." मी हसले. म्हणाले, "आप्पा, ते अभ्यासक्रमात नसतं." तुम्हीही हसलात, आणि पुन्हा तो विषय काढला नाहीत. ते हसणं आता मला झोपू देत नाही.

आज रविवार. सकाळी आरोहीचे वडील घरी येऊन गेले. गाडीवरून उतरलेही नाहीत. म्हणाले, "मॅडम, काल पोरगी हट्टानं रानात आली. मी फोनवर बोलत हुतो, तर वराडली, पप्पा, वाफा भरला, दार फोडा! बरुबर भरला हुता बघा." मग इकडंतिकडं पाहिलं. "पर मीटिंगमधी मी काय बोलणार न्हाई. घरात लई तापलंय." आणि गेले.

माझ्यात रागवायचंही त्राण नव्हतं. पण आता तुम्हाला हे लिहिता लिहिता त्या कागदावर काय लिहायचं ते कळलं. पालकांना न विचारता मुलांना नेलं, ही माझी चूक. ती मी कबूल करीन. पुढच्या वेळी आधी कळवीन, जुने कपडे आणि टॉवेल मागवीन. 'परत असे होणार नाही' हे मात्र माझ्या हातून लिहिलं जाणार नाही. नोकरी जाईल कदाचित. आईला अजून सांगितलेलं नाही.

गेली तर आपलं रान आहे. शनिवारी ज्या पोरांना यायचं असेल ती येतील. दोन आली तरी पुरे. मुरमाचा वाफा मी त्यांना शेवटी देईन, आणि तो उशीर का करतो ते त्यांचं त्यांना शोधू देईन. तुम्ही शाळेत येऊ का म्हणून विचारलं होतंत ना? तुम्हाला नाही बोलावलं, आता शाळाच तुमच्या बांधावर आणते. हा शब्द देते.

पाणी टोकाला आलं की ओरडेन. ऐकाल ना?

तुमची बाय,
सारिका