सोवळ्यातला पट्टा

नाना,

काल फ्रीगंजच्या बँकेत अंगठा लावायला गेले होते. पेन्शनसाठी दरवर्षी जिवंत असल्याचं सांगायला जावं लागतं. समोर उभी आहे एवढ्यानं भागत नाही, अंगठा लागतो. दारात बंदूकवाला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेला, बंदूक मांडीवर आडवी, आणि तिचा पट्टा लोंबून फरशीला टेकलेला. माझ्यानं राहवलं नाही. म्हटलं, "भैया, पट्टा ढीला है तुम्हारा." तो हसून म्हणाला, "अम्माजी, पट्टा क्या, बंदूक भी ढीली है. चलानी किसपे है?" नातीनं मला ओढत आत नेलं. आजी, तू कुठेही सुरू होतेस, म्हणाली. तीच आता हे लिहिते आहे, कारण मला अक्षर आलं नाही ते नाहीच. तुम्ही म्हणायचात, पुढच्या वर्षी शाळेत घालू. पुढचं वर्ष फार हुशार निघालं, दर वेळी पुढेच राहिलं.

पण त्या लोंबत्या पट्ट्यानं मला रात्रभर तुमच्याच मागे हिंडवलं. तुम्ही खजिन्यावरचे पहारेकरी. आजोबा-पणजोबांपासून आपल्या घरात महाराजांची बंदूक खांद्यावर घ्यायची चाल. चाल खांद्यापुरतीच हं, कारण ती उडवायची वेळ दसऱ्याखेरीज कधी येत नसे. मग स्वातंत्र्य आलं, पहारेकऱ्यांच्या घरांच्या लाईनीत पेढे वाटले. मग महाराजांचं राज्य गेलं आणि मध्यभारत झाला. तेव्हाही कुणीतरी पेढे वाटले, पण तुम्ही तुमचा पेढा माझ्या हातावर ठेवलात. पाठोपाठ हुकूम आला की जुन्या पहाऱ्यातल्या प्रत्येकानं नव्या साहेबापुढे पुन्हा नेम मारून दाखवायचा. लागला तर नव्या सरकारच्या सशस्त्र पोलिसात, चुकला तर घरी. आणि ते घरही सरकारी, म्हणजे तेही सोडायचं. आई म्हणाली, "मग झालं काय! उभा जन्म बंदूकच धरलीत की." पण तुमचा डावा हात कापायला लागला होता. चहाची बशी धरली की चहा बशीतल्या बशीत हिंदकळायचा. हे आपल्या तिघांनाच ठाऊक होतं.

हात कापणाऱ्याचा सारा भरवसा पट्ट्यावर, हे मी तेव्हा शिकले. लोकांना वाटतं पट्टा बंदूक खांद्याला अडकवायला असतो. तो तर उभ्या माणसाचा तिसरा हात. फास डाव्या दंडात वर चढवायचा, मनगट पट्ट्याला एक वेढा देऊन पुढे काढायचं, आणि तळवा बंदुकीच्या लाकडाखाली द्यायचा. पट्टा ताणला की बंदूक आपोआप खांद्यात रुतते. "वजन हाडावर घ्यायचं, मांसावर नाही. मांस थकतं," असं तुम्ही मला समजावून सांगायचात, जणू उद्या मलाच साहेबापुढे उभं राहायचं होतं. कोठारातून तुम्ही दोन पट्टे मागून आणलेत, एक कातड्याचा आणि एक जाड सुताचा, खाटेच्या नवारीसारखा विणलेला. आणि मग सुरू झाली तुमची निवड! आत्या सांगायची, आईला बघायला गेलात तेव्हा तोंडातलं पान संपायच्या आत तुम्ही होकार दिला होता. पट्ट्याला मात्र दिवस गेला. कातड्याचा हुंगलात, वाकवलात, तेल पाजलंत, कानाशी धरून त्याची कुरकुर ऐकलीत. मन तुमचं त्याच्यावरच होतं. बाहीवर घसरत नाही, म्हणायचात. सुताचा नुसता दारामागच्या खुंटीला टांगून ठेवला होता.

पण सराव करायचा कुठे? अंगण सगळ्या लाईनीचं. तिथे उभं राहायचं म्हणजे हात चारचौघांना दिसणार. राहता राहिलं स्वयंपाकघर. तिथे आईचं सोवळं. कातड्याचा पट्टा हातात घेऊन तुम्ही उंबऱ्यापाशी आलात मात्र, आईनं पळी आडवी धरली. "हे ढोराचं कातडं चुलीपाशी आणाल तर आज चूल पेटायची नाही."

"अगं, नोकरीचा प्रश्न आहे."

"नोकरी तुमची, चूल माझी. तो दुसरा आहे ना, सुताचा? तो आणा."

झाली निवड. जुन्या पहाऱ्यातल्या हवालदाराचा पट्टा त्याच्या बायकोच्या सोवळ्यानं ठरवला. आईला हे पुढे कधी हसून सांगायला गेले, तर ती हसायची नाही.

बंदूक घरी आणायची परवानगी नव्हती, म्हणून मुसळ. पट्टा मुसळाला बांधलात. धुरानं काळ्या झालेल्या भिंतीवर पानाच्या डब्यातल्या चुन्याचा ठिपका दिलात. मी तुमच्या डाव्या हाताला पाटावर, कारण कोपर दिसायला हवं. मुसळाच्या टोकावर मी चिंचोका ठेवते, तुम्ही गाल लाकडाला लावता, श्वास अर्धा सोडता, थांबता. चिंचोका पडतो. "कोपर बाहेर गेलं, नाना." "गेलं का? बरं." पुन्हा ठेवते. पुन्हा पडतो. आई पलीकडे डाळ निवडता निवडता म्हणते, "मुसळ मोकळं झालं की सांगा, मला तिखट कुटायचंय." सुताचा पट्टा लांब होता, ताण येईना, आणि बकलाची शेवटची खूण संपली तरी तो सैलच. तुमच्या कपाळावर घाम. तुम्ही मुसळ खाली ठेवता, आणि मला म्हणता, "थकलीस का?" थकलेला कोण, विचारणारा कोण.

परीक्षेच्या आदल्या दिवशी तुम्ही भैरवगढला पहाऱ्याला गेला होतात. आईनं खुंटीवरचा पट्टा काढला. रोज चुलीपाशी येतो, आणि आधी कुणाकुणाच्या घामाचा, कुणाकुणाच्या खांद्यावरचा, देवाला ठाऊक. तिनं तो पातेल्यात सोडा घालून उकळला, धुण्याच्या दांडक्यानं बडवला, उन्हात टाकला. तुम्ही आलात तर पट्टा आखडून वीतभर कमी झालेला, आणि हाताला लाकडासारखा. तुम्ही तो दंडाला लावून पाहिलात. मग इतकंच म्हणालात, "हा सरकारी आहे गं."  आईनं तो पुन्हा भिजवला, खुंटीला बांधला, खाली वरवंटा लोंबकळत ठेवला. वरवंटा बिचारा तासभर फाशी गेल्यासारखा. काही उपयोग नाही. शेवटी तुम्ही तसाच दंडात चढवलात. दंड आवळून लाल झाला. मी चिंचोका ठेवला. तुम्ही श्वास सोडलात.

चिंचोका पडला नाही.

मी बघत राहिले. आई बघत राहिली. बाहेर कुणाचा तरी टांगा गेला, तरी पडला नाही. आई म्हणाली, "आता उतरवा ते. मला मुसळ हवंय." आणि पदर तोंडात धरून मागच्या दारी गेली.

दुसऱ्या दिवशी तुमचा नेम लागला. लाईनीतल्या कितीतरी जणांचा चुकला. ते उज्जैनातच राहिले. कुणी दुकान टाकलं, कुणी देवळापाशी फुलं विकली, नातवंडांची लग्नं पाहून गेले. ज्यांचा लागला त्यांना नव्या सरकारनं चंबळेच्या बीहडात, त्या मातीच्या घळींत, डाकूंवर पाठवलं. तुम्ही एकदा रजेवर आलात, काळे, वाळलेले.  मग डाकूच्या गोळीनं नाही, तिकडच्या तापानं गेलात. सामान आलं त्यात पट्टा नव्हता. सरकारी होता, सरकारनं ठेवून घेतला. आई शेवटपर्यंत एकच म्हणायची, "मी धुतला नसता तर?" आधी मी समजूत काढायची. मग मी म्हणायची, "तर घर गेलं असतं, आणि तू म्हणाली असतीस, धुतला असता तर?" मग मीही गप्प बसायला शिकले. सत्तर वर्षं एका धुण्याचं उत्तर शोधून माणूस थकतं, नाना. मांस थकतंच, पण हाडंही थकतात. हे तुम्हाला माहीत नव्हतं, तुम्ही तेवढे जगलाच नाहीत.

नात विचारते आहे, आजी, हे पाठवायचं कुठे? कुठे नाही. घडी कर आणि माझ्या लुगड्यांखाली ठेव. फक्त एवढं आणखी लिही, आणि हसू नकोस. तुमचा फोटो आपल्या घरात नाही. पहाऱ्याच्या सगळ्यांचा मिळून होता त्यात तुमच्यापुढे कुणाचा तरी फेटा आला आहे. लोकांना सांगते, माझे वडील डोळ्यांपुढे उभे आहेत. खरं सांगायचं तर मला तुमची एकच बाजू आठवते, डावी. पलीकडची मुसळाला टेकलेली. आता माझी तुमच्याकडे यायची वेळ झाली आहे. तिथे गर्दी असणार. तेव्हा समोरून हात पसरून येऊ नका, मी ओळखणार नाही. जरा आडवे उभे राहा.