फ्यूजच्या जागी जाड तार

३ डिसेंबर

सकाळी मागच्या खोलीतून जळका वास. आधी वाटलं शेजारणीचं दूध उतू गेलं. बघते तर ह्यांच्या रेल्वेचा ट्रान्सफॉर्मर. रेल्वे म्हणजे ती खेळातली, खोलीभर फळ्या टाकून मांडलेली. डोंगर, बोगदा, स्टेशन, सिग्नल, सगळं. ह्यांनी डाव्या हातानं चालू करून ठेवला आणि बाथरूमला न्यायला मला हाक मारली. तेवढ्यात तो जळला. उजवा हात लकव्यापासून मांडीवर पडलाय तो पडलाय.

हे रडले. खरोखर, तोंड वाकडं करून. माझे वडील गेले तेव्हा हेच मला म्हणाले होते, "आवर आता, लोकं बघायलेत." मीही तेवढंच म्हटलं. आवरा.

४ डिसेंबर

मंजूचा पुण्याहून फोन. लेक कुणाची, बापाचीच. "आई, त्यांचं तेवढंच राहिलंय गं. ऑनलाइन तयार मिळतो. छोटा आहे, एक अँपियरचा. गाडी घसरली की आपोआप बंद होतो. तोच घे."

माझं काय राहिलंय ते कुणी विचारायचं नाही.

ह्यांना फोनवर फोटो दाखवला. बघितलं न बघितलं केलं. "छोटा नको. तुला काय कळतंय त्यातलं." जीभ जड झालीय, पण हे वाक्य स्पष्ट येतं. सवयीचं आहे ना. जन्मभर दहावीच्या पोरींना वीज शिकवली मी. ह्या घरात मात्र बल्ब बदलायचा तरी ह्यांनीच.

६ डिसेंबर

ट्रान्स.चं पुन्हा. ह्यांचं म्हणणं: पाच अँपियरचा पाहिजे, बांधून घ्यायचा, आणि बंद पडणारा नको. जुना सारखा खट्कन बंद पडायचा. गाडी घसरली की बंद. मग उठा, गाडी रुळावर घ्या, बटण दाबा. आता उठणार कोण?

"आमच्या अण्णांनी मागाला कधी फ्यूज लावला नाही. जाड तार टाकायचे. माग थांबला नाही पाहिजे."

अण्णा म्हणजे सासरे. भवानी पेठेत त्यांचे विजेवर चालणारे कापडाचे माग होते. सगळी पेठच तसं करायची, अजून करते. फ्यूज उडाला की माग थांबतो, म्हणून फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार. अण्णांच्या मागाच्या मोटारी दरवर्षी जळायच्या, ते हे सांगत नाहीत.

यात काय होणार ते मला बसल्या जागी दिसत होतं. बोगद्याजवळच्या सांध्यावर गाडी नेहमी घसरते. जोरात असली तर हमखास. घसरली की चाक भलत्या रुळाला टेकतं. शॉर्ट. फ्यूज असला तर फ्यूज जातो. नसला तर सगळा करंट इंजिनातून. ते काळं जर्मन इंजिन, ज्याला हे बायकोपेक्षा जपतात, त्याच्या आतल्या तारा केसासारख्या आहेत. प्लास्टिकसकट वितळेल. दहावीचा धडा आहे.

तोंडाशी आलं होतं. गिळलं. म्हटलं, बरं, तुम्ही म्हणाल तसं.

८ डिसेंबर

लिहूनच टाकते, त्याशिवाय झोप यायची नाही.

ती खोली आईसाठी मागितली होती मी. आईला डोळ्यांनी दिसेनासं झालं तेव्हा. हे म्हणाले, "खोली कुठाय? बोगदा मोडू का माझा?" बोगदा कागदाच्या लगद्याचा. आई वळसंगला माझ्या भावाकडे राहायला गेली, गोठ्याला लागून एक पत्र्याची खोली होती तिथं. उन्हाळ्यात तिथंच वारली. मी पोचले तेव्हा अंगाखालची सतरंजीसुद्धा कुणीतरी धुवायला नेली होती.

त्या संध्याकाळी मी घरी आले तर हे गाडी चालवत बसलेले. "जेवायला काय आहे?"

९ डिसेंबर

आज ह्यांची खुर्ची मुद्दाम फळीच्या पलीकडच्या बाजूला लावली. इंजिन दिसतं, हात पोचत नाही. ह्यांना खिमट भरवलं आणि समोर बसून मी कडक भाकरी, शेंगाचटणी खाल्ली. बघत होते. चटणी मागितली. डॉक्टर नको म्हणालेत, म्हटलं. डॉक्टर असं काही म्हणाले नाहीत.

११ डिसेंबर

भवानी पेठ. नरसय्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान. अण्णांच्या जळलेल्या मोटारीत नवी तार त्याचा बाप भरायचा, आता हा भरतो.

"खेळण्याला पाच अँपियर, मॅडम? लई झालं की." मग म्हणाला, "फ्यूज बसवतो बघा एक."

"नको. साहेबांनी जाड तार सांगितलीय."

"मग टाकू की. सगळेच टाकतेत." आणि हसत, "माझी पोरगी तुमच्याच हाताखाली शिकली. घरात फ्यूज गेला की तीच बांधते. तुमी शिकवलंय म्हणते."

मी पण हसले. येताना रिक्षात ती घसरणारी गाडी डोळ्यांपुढं बघत होते. भीती नाही वाटली. मजा येत होती मला.

१५ डिसेंबर

ट्रान्स. आणला. विटेएवढा जड. पत्र्याचा डबा, वर एकच मोठी खुंटी फिरवायला. फळीवर बसवला, तारा मीच जोडल्या. हे डोळे बारीक करून बघत होते, कुठं चुकते का. चुकले नाही.

डाव्या हातानं डबा चाचपला. "चांगलं काम केलंस."

लग्नानंतर पहिल्यांदा. बरं वाटलं ऐकून, आणि त्याचाच संताप आला. एवढ्या स्वस्तात बरं वाटतं मला.

मंजूला फोटो पाठवला. "आई, फ्यूज आहे ना गं यात?" असा मेसेज. फोन ठेवून दिला आणि ह्यांचं खिमट करायला घेतलं.

१७ डिसेंबर

दुपारी गाडी लावली. खुंटी ह्यांच्या हाताशी दिली. डावा हात लई थरथरतो. गाडी धक्के खात निघाली, थांबली, परत निघाली. मग हात खाली घेतला. मला वाटलं दमले. तर म्हणाले, "तू बस. तू चालव."

ह्या खोलीत मला झाडू मारायलासुद्धा विचारून यावं लागायचं.

बसले. चालवली. खरं सांगायचं तर छान चालते. बोगद्यात शिरते, क्षणभर दिसत नाही, पलीकडून दिवा दिसतो. सांध्याजवळ आपोआप माझा हात हळू होत होता. तीन-चार फेऱ्या झाल्या, घसरली नाही. हे लहान पोरासारखे बघत होते, ओठांतून लाळ गळत होती. मी पुसली.

"जोरात," म्हणाले. "जोरात घे की."

मी हळूच ठेवली. मग बोगद्याकडं बघत म्हणाले, "तुझी आई असती तर बघितली असती गं. तिला इथं बसवलं असतं."

इथं. ह्या खोलीत. आणि हे म्हणताना चेहरा साफ, काही म्हणजे काही आठवत नाही ह्या माणसाला. की आठवतंय? मला कळेना. गाडी थांबवली, चहा टाकते म्हणून स्वयंपाकघरात आले.

इथंच ओट्याशी उभी राहून लिहितेय. फ्यूजची बारीक तार त्या दिवशी नरसय्याकडून येताना घेतली होती, मसाल्याच्या डब्यामागं आहे. जाड तार काढून ती घालायला पाच मिनिटं लागतील. ह्यांना कळणारही नाही.

चहा उकळून उकळून कडू झालाय. आतून हाक मारायलेत. "येतीस का? जोरात चालव म्हटलं ना."